वेगळं ताट

जैतून चाचीच्या घरात ताटं पाच होती. चार जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि एक पितळेचं. पितळेचं माझं. माझ्या आईला ते लग्नात आलेलं, काठावर वडिलांचं नाव कोरलेलं, आणि इतकं जड की नऊ वर्षांच्या पोरीनं दोन्ही हातांनी उचलावं. चाची, रहमान चाचा आणि त्यांची मुलगी सलमा जर्मनच्या ताटांत जेवायची, चौथं ताट आल्यागेल्यासाठी असे. माझं मात्र चिंचेनं घासून, लख्ख करून, फळीवर वेगळं उभं ठेवलेलं असायचं. सलमाला त्याचा भारी राग. ती म्हणायची, "ही काय वं कोनी राजाची पोट्टी लागून गेली काय?" मला अर्थातच तसं वाटायचं. पुढं या एका ताटापायी मी त्या घरातून उचलली जाणार होते. ते कसं, आणि मग कशी राहिले, ते एकदा नीट लिहून काढायचं म्हणते आहे. आजवर सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि दर वेळी नातवंडांनी मध्येच उठून क्रिकेट लावलं.

आमचं गाव राळेगाव. वडील मी कळती होण्याआधीच गेले. आई, अंजनाबाई, हंगामात कापूस वेचायची आणि नंतर जिनिंगमध्ये सरकी पाखडायला जायची. तिथंच तिची आणि जैतून चाचीची गाठ पडली. आम्ही बौद्ध, त्या पिंजारी मुसलमान, घरं गावाच्या दोन टोकांना. पण बारा-बारा तास एका ढिगावर बसलं की टोकं कुठली लक्षात राहतात. मग आईला खोकला लागला, खोकल्यातून रक्त पडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की यवतमाळच्या दवाखान्यात कित्येक महिने राहावं लागेल, लेकराला सोबत ठेवता येणार नाही. मारेगावचा माझा मामा निरोप मिळताच आला. चहा प्याला, पोटभर रडला, आणि मला न घेताच परत गेला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरात आधीच आठ तोंडं होती. आईनं मग माझा हात धरला, एक गोधडी आणि ते ताट घेतलं, आणि थेट चाचीच्या दारात उभी राहिली. चाचीनंच बोलून टाकलं, "अंजना, पोट्टी माह्यापाशी अमानत हाये. जशी देऊन राह्यली, तशीच वापस नेजो. आता जाय, बस निघून जाईन."

अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. ती आपली नसते, तिला ओरखडासुद्धा पडू द्यायचा नसतो, आणि मालक येईल तेव्हा होती तशी हातात द्यायची असते. लोक हा शब्द वापरतात आणि विसरतात. चाची विसरणारी बाई नव्हती. पहिल्याच महिन्यात मी ओट्यावरून पडले आणि गुडघा फुटला. तिनं हळद भरली, जुन्या धोतराची चिंधी बांधली, सगळं केलं. पण जखम भरून डाग राहिला तसा तिला घोर लागला. केव्हाही माझा फ्रॉक वर करून गुडघा बघायची आणि म्हणायची, "अंजनाले काय सांगू मी आता?" सलमाचे दोन्ही गुडघे, दोन्ही कोपर आणि एक भुवई फुटलेली होती. त्याबद्दल तिनं कधी कुणाला काही सांगायचं ठरवलेलं नव्हतं.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चाचाची धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं ते माणसाएवढं धनुष्य, आढ्याला टांगलेली असे. तिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी मूठ बसली की घरभर एक जाड, गोड धुन्न उठायचा. भिंतीतून, जमिनीतून, बसलेल्या माणसाच्या पोटातून तो जायचा. दिवाळीनंतर गाद्या भरून घ्यायला लोकांची रांग लागे आणि मग दिवसभर धुन्न, धुन्न. कापसाचा भुगा सगळीकडे उडायचा, चाचाच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या व्हायच्या, वरणात तंतू, पाण्यात तंतू. चाचा फारसं बोलायचा नाही. धुनकीवरच बोलायचा म्हणा ना. शाळेतून आलं की मी आणि सलमा भरलेल्या गादीला टाके घालायचो. चाचा आम्हा दोघींचे टाके उसवून पुन्हा घालायचा, पण ते आम्ही झोपायला गेल्यावर, त्यामुळं मला बरीच वर्षं वाटत होतं की गावातल्या निम्म्या गाद्या माझ्या हातच्या आहेत.

आणि जेवण. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्याची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, आंबाडी, वर कच्चं तेल. शेजारी सांभार-मिरचीचा, म्हणजे कोथिंबीर-मिरचीचा ठेचा, तो चाचीच्या हातचा असला की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून अजून एक भाकर. ज्या दिवशी घरात मोठ्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं, मटण शिजे त्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर वेगळा गंज, म्हणजे छोटं पातेलं, चढायचा, त्यात वरण नाहीतर अंडं. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा काही गोष्टी ताटातून कायमच्या काढून टाकल्या होत्या, त्यात हेही होतं. आईनं चाचीला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. चाचीनं आपल्या मनानंच ठरवलं, आणि मग चूक नको म्हणून एका दिवसासाठीचा गंज रोजचाच झाला, एका दिवसासाठीचं ताट रोजचंच झालं, आणि उष्टं-खरकटं लागू नये म्हणून माझा पाटही सगळ्यांपासून थोडा दूर, भिंतीपाशी सरकला. अमानत म्हटल्यावर अर्धवट कसं करायचं?

गावात डोळे भरपूर असतात आणि त्यांतले काही रिकामे असतात. कुणीतरी जिल्ह्याला अर्ज केला की पिंजाऱ्यानं दुसऱ्या धर्माची पोर घरकामाला ठेवली आहे. मग एक दिवस कोतवाल निरोप घेऊन आला की उद्या मुलांच्या खात्याच्या तपासणीच्या बाई येणार आहेत, घर बघणार आहेत. चाचीनं त्या दिवशी घराची अशी सफाई केली की ते घर आमचं वाटेना. चाचानं धुनकी उतरवून कोपऱ्यात उभी केली. मला सलमाचा ईदचा रेशमी फ्रॉक घातला, तो माझ्या घोट्यापर्यंत येत होता. आणि बाईंना दिसावं म्हणून माझं पितळेचं ताट, माझा गंज आणि माझा पाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर, देव्हारा मांडावा तसा मांडून ठेवला.

बाईंचं नाव मालतीबाई. चष्मा, सुती साडी, छातीशी फाईल, आवाज मऊ. त्यांनी ताट बघितलं, गंज बघितला, भिंतीपाशी सरकवलेला पाट बघितला, आणि मला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, हे ताट कुणाचं?"

"माझं. मी यांच्या ताटात नाही जेवत. माझं शिजवणंपण वेगळं असते."

"आणि तू बसतेस कुठं जेवायला?"

"तिथं. एकटीच."

"काही काम करावं लागतं का गं तुला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "लय काम करते मी. गाद्या मीच शिवते. सलमापेक्षा जास्त." दाराआडून चाची ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू मी वर्गात पहिली आले. बाईंनी मग तिलाच बाहेर बोलावलं. "तुमची मुलगी आणि ही, दोघींत तुम्ही फरक करता का?"

चाचीनं पदर सावरला आणि ठणकावून सांगितलं, "करते तर, बाई. जमीन-अस्मानचा फरक करते."

बाईंचं पेन भराभरा चाललं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि चाचीलाही पुढं काही सांगायचं सुचलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी ग्वाही नव्हतीच. बाई गेल्यावर तिनं गूळ वाटला.

महिनाभरानं कागद आला. तो आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ओट्यावर बसून वाचून दाखवला. मुलीला घरात भेदभावानं वागवलं जातं, तिच्याकडून काम करून घेतलं जातं, सबब तिला अमुक दिवशी मंडळापुढे हजर करावं, तिथून तिला मुलींच्या बालगृहात ठेवण्यात येईल. जिल्ह्याच्या गावी मुलांच्या प्रकरणांचा निकाल करणारं एक मंडळ बसत असे, ते हे. चाचीनं विचारलं, "गुरुजी, भेदभाव म्हंजे?" हेडमास्तरांनी सांगितलं. ती उठून आत गेली आणि फळीवरचं ताट घेऊन मांडीवर धरून बसली. मला मात्र सगळं कळलं. हे माझ्या तोंडानं झालं होतं. आई बरी होऊन येईल तेव्हा मी चाचीच्या दारात नसणार, मग ती मला कुठं शोधणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी जेवले नाही. सलमा माझ्याआधी रडायला लागली, म्हणून मग मीही रडले. चाचीनं माझं तोंड पुसलं. "तू खोटं बोलली का? नाई ना? मी बी खोटं नाई बोलली. मंग कायले रडून राह्यली? जाऊन पाहू."

आज मला त्या बाईंचा राग येत नाही, तेव्हा फार आला होता. आमच्या माणसांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या वेगळं ताट कशासाठी आलं हे त्यांना माहीत होतं, आणि एका लेकराला ते पुन्हा भोगावं लागू नये असंच त्यांना वाटलं. चांगल्या मनाच्या माणसानं, चांगल्या हेतूनं, डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं. शिक्षिकेची नोकरी संपल्यावर मी स्वतः काही वर्षं बालकल्याण समितीवर होते, तेव्हा माझ्या हातूनही असे कागद झाले असतील. कुठल्या घरातली कुठली गोष्ट मी उलटी वाचली हे मला कधीच कळणार नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं चाची मला घेऊन यवतमाळला गेली. पिशवीत भाकरी आणि फडक्यात गुंडाळलेलं ताट. मंडळाच्या खोलीबाहेरच्या बाकावर मालतीबाई भेटल्या. चाचीनं सलाम केला आणि म्हणाली, "बाई, एक इचारू? रागावू नका. तुमी मले इचारलं, पोट्टीले इचारलं, गावाले इचारलं. हिच्या मायले इचारलं का?"

बाई म्हणाल्या, "ती तर दवाखान्यात आहे ना?"

"दवाखान्यात हाये, जिती हाये. अठून पायी गेलं तर अर्धा घंटा लागते."

मालतीबाईंनी फाईल उघडली. आईच्या नावापुढं 'आजारी' एवढंच लिहिलेलं होतं. त्या उठून खोलीत गेल्या, वरिष्ठांशी काहीतरी बोलल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला. आपलं प्रकरण दुपारी घेतील." बाई निमूटपणे आमच्याबरोबर उन्हात चालत आल्या हे मी विसरलेले नाही. साहेबलोकांना असं चालताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आईला व्हरांड्यात आणून बसवलं, आम्ही गजांच्या अलीकडे उभ्या राहिलो. ती अगदी काडी झाली होती. तोंडावर पदर धरून ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मी इतक्या दिवसांत साठवलेलं सगळं विसरून म्हटलं, "माय, मी गाद्या शिवते." मालतीबाईंनी तिला वेगळ्या ताटाबद्दल, वेगळ्या गंजाबद्दल हळूहळू विचारलं. आईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा हसायला लागली, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, वेगळं ताट मी बी पाह्यलं. माह्या बापाले लोकं अंगणात वाढत, वरून. ते अन हे एक नोहे. हे ताट माह्या लग्नातलं. घरात याच्यापेक्षा भारी ताट नाई. आमच्यात मोठ्याचं सोडलं हाये, हे मी हिले सांगतलंबी नव्हतं. हिनं आपल्या मनानं पोट्टीचा गंज वेगळा ठेवला. माह्या सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं." मग ती चाचीकडे वळली. "पण जैतून, पोट्टीले एकटीले कायले बसवतं वं? ताट वेगळं राहू दे. पाट सलमाच्या बाजूनं मांडत जाय."

चाची म्हणाली, "बरं." एवढंच. मालतीबाई गजाला हात लावून उभ्या होत्या. परत येताना वाटेत त्यांनी चाचीला विचारलं, "तुम्ही फरक करते म्हणालात, तो कसला?" चाची म्हणाली, "सलमाले मी मारते. इले कसं मारू? माही हाये का ती?"

दुपारी बाईंनी मंडळाला सांगितलं की माझा अहवाल अपुरा आहे, मला पुन्हा घर बघायचं आहे, तोवर मुलीला हलवू नये. आणि चाचीला म्हणाल्या, "या वेळी निरोप पाठवणार नाही."

खरंच पाठवला नाही. पंधरा-वीस दिवसांनी, चाचाची धुनकी जोरात चाललेली, घरात कापसाचा धुरळा, आणि टाक्यांच्या सुईवरून माझं-सलमाचं जुंपलेलं. तिनं माझी वेणी धरली होती, मी तिचा हात चावत होते. चाची चुलीपासून तशीच उठून आली आणि तिनं दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घातला. आधी सलमाला, मग मला. मला तिच्या हातचा तो पहिला. तेवढ्यात धुनकी थांबली, कारण चाचानं दारात मालतीबाईंना बघितलं होतं. चाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, संपलं सगळं.

बाईंनी चष्म्यावरचा कापूस पुसला आणि विचारलं, "आज फरक नाही केलात?"

सलमा आणि मी एकमेकींच्या मागं लपायला बघत होतो. बाई आत आल्या, खाली बसल्या, म्हणाल्या, "भूक लागली आहे." पाहुण्यांच्या जर्मनच्या ताटात त्यांनी भाकर आणि सोल्याची भाजी खाल्ली, ठेच्यानं नाक-डोळे लाल झाले तरी दुसरी भाकर मागून घेतली. माझा पाट सलमाच्या पाटाला चिकटून मांडलेला होता, आणि मी पितळेच्या ताटातलं सोडून तिच्या ताटातलं खात होते. त्या दिवशी त्यांनी फाईल उघडलीच नाही.

निकाल झाला तो असा की आईची संमती घेऊन, ती बरी होईपर्यंत मी चाचीकडेच राहावं. बाईंनी त्यात आणखी भर घातली. महिन्यातून एकदा मला आईला भेटवायचं, त्यासाठी एस.टी.ची सोय. शाळेची पुस्तकं आणि कपडे. आई सुटल्यावर तिला काही महिने जड काम नको म्हणून औषध-आहाराची मदत. चाचीला त्यांनी एकदा समजावून सांगितलं की बालगृह वाईट म्हणून नव्हे, पण ज्या लेकराला माय आहे आणि माय येईपर्यंत धरून ठेवणारं घर आहे, त्याच्या बाबतीत आधी त्या मायला आणि त्या घराला बळ द्यायचं असतं. मी समितीवर आले तेव्हा जुन्या कपाटांत त्यांचा तो अहवाल फार शोधला. वाळवीनं खाल्लेल्या गठ्ठ्यांत तो सापडला नाही. मग मी माझ्यापुरती एक रीत पाडली. आमच्याकडे आलेल्या घरभेटीच्या कागदावर 'मुलाचे ताट-अंथरूण वेगळे आहे का?' असा प्रश्न असे. त्याच्याखाली मी हातानं लिहायची, 'असल्यास का, ते घरच्यांना विचारले का? आईला विचारले का?' दुसरी भेट न सांगता, आणि जेवायच्या वेळेला. तरुण सहकारी मला मागून 'ताटवाल्या बाई' म्हणत. मला ठाऊक होतं, आणि मला ते आवडायचं. आता प्रतिपालक कुटुंब असा शब्द आहे, योजना आहेत, छापील नियम आहेत. चांगलं झालं. तरी माझ्यापुढं येणाऱ्या फायलींत आईचा रकाना पुष्कळदा कोरा असायचा, आणि मग मी फाईल परत पाठवायची.

आई आली ती पुढच्या वर्षी, कापूस फुटायच्या दिवसांत. आम्हाला आधी कळवलेलं होतं. चाचीनं मला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, तेल लावून वेण्या घातल्या, आणि अंगणात उभं केलं. आई फाटकातून आत आली तशी मी धावणार होते, पण चाचीनं माझा खांदा धरून ठेवला. तिला आधी तिचं काम करायचं होतं. तिनं गोधडी आईच्या हातात दिली. ताट दिलं. मला गोल फिरवून दाखवलं, पुढून, मागून. कानातले डूल दाखवले, दोन्ही. मग खाली बसून माझा फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर केला.

"बाकी सगळं जसं देलं तसं हाये, अंजना. हा एक डाग माह्याकडून लागला. माफ करजो."

आईनं डागाकडे बघितलंच नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात तसाच सरळ स्वतःच्या अंगाला टेकवला, तर तो छातीशी आला. मग तिनं हात खाली कमरेपाशी नेला. "मी देली तवा अठीलोक होती," ती म्हणाली. "आता एवढी हाये. हे कोनं देलं, ते नाई सांगून राह्यली तू."

चाची तिथंच जमिनीवर बसून पदरात तोंड घालून रडली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी गेले तर तिचंही कुणीतरी जाणार होतं. सलमा म्हणाली, "मंग आता ही कुठी झोपन?" दुपारी आईनं चाचीला चुलीपाशी येऊ दिलं नाही. तिनंच भाकरी थापल्या, पाट एका ओळीत मांडले, आणि पितळेच्या ताटात पहिली भाकर वाढली ती जैतून चाचीला.